आजीचं लुगडं ब्लेझरच्या आत

इंग्लंडमधल्या रेडिंगला राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी १६ वर्षांची, जन्म इथलाच. घरी मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत. मैत्रिणींबरोबर रॅप लिहिते, नाहीतर स्केचबुकात डोकं घालून बसलेली असते. जीसीएसई या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेतल्या आर्टच्या प्रोजेक्टसाठी तिनं कुणाला न विचारता आजीचं जपून ठेवलेलं इरकली लुगडं कापलं आणि शाळेच्या जुन्या ब्लेझरला आतून अस्तर म्हणून शिवलं. स्केचबुकात आजीचा फोटो चिकटवलाय, खाली आजीचं नाव, पुढे नुसतं प्रश्नचिन्ह आणि मोकळी जागा. आईनं विचारलंय: हिला आपल्या संस्कृतीची लाज वाटते का? ही धड इकडची ना धड तिकडची अशी राहणार का? आणि पुढेही आर्टच करायचं म्हणते, तर करू द्यावं का?

ताई, आधी लुगड्याचं. तुम्हाला राग आला तो बरोबरच आहे. आईच्या अंगावरचं लुगडं, परत कुठे मिळणार? न विचारता कात्री लावली हे चुकलंच, आणि ते तिला स्पष्ट सांगा. पण ते सांगताना ‘तुला आपल्या गोष्टींची किंमत नाही’ हे वाक्य जोडू नका, कारण ते खरं नाही. ज्या मुलीला लाज वाटते ती लुगडं कापत नाही. ती ते कपाटात तसंच पडू देते, आणि तुमच्यानंतर एक दिवस चॅरिटी शॉपच्या पिशवीत भरते. तुमच्या मुलीनं ते बाहेर काढलं, अंथरलं, त्याचा काठ कुठे येतो आणि अंग कुठे येतं ते बघितलं, आणि पाच वर्षं रोज अंगावर घातलेल्या ब्लेझरच्या आत शिवलं. बाहेरून नाही, आत. बाहेरून तो ब्लेझर वर्गातल्या प्रत्येकाच्या ब्लेझरसारखाच दिसतो. मी तिला ओळखत नाही, त्यामुळे तिच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण २४ वर्षं लेस्टरमध्ये १४ ते २१ वयाच्या मुलांबरोबर नाटकाचे आणि लेखनाचे वर्ग घेते आहे, आणि एवढं नक्की सांगते की हे आत-बाहेरचं सुचणं सोपं नाही. त्याच्या मागे बराच विचार आहे.

आता ‘धड इकडची ना धड तिकडची’ याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या काळजीचं मूळ तिथे आहे.

ब्रिटनमध्ये ‘एशियन’ म्हटलं की भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका इकडची माणसं डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत त्याच शब्दानं आधी चिनी, जपानी, कोरियन चेहरे आठवतात. ‘एशियन अमेरिकन’ ही जोडी तर १९६८ साली बर्कलीच्या विद्यार्थी चळवळीत मुद्दाम घडवली गेली, वेगवेगळ्या देशांतून आलेल्यांना एकत्र उभं राहता यावं म्हणून. म्हणजे हा शब्द कुणी जन्माला घेऊन येत नाही. तुम्ही पुण्या-नाशिकात असताना स्वतःला कधी ‘आशियाई’ म्हणवून घेतलं होतं का? तुमची मुलगी मात्र नर्सरीच्या फॉर्मवरच ‘एशियन’ झाली. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ५५ लाख माणसं या रकान्यात मोजली गेली. लेस्टर शहरात तर ४३ टक्क्यांहून जास्त, म्हणजे गोऱ्या लोकसंख्येपेक्षाही अधिक. याच शहराच्या कौन्सिलनं १९७२ साली, युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं एशियन लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं तेव्हा, तिथल्या ‘युगांडा अर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की लेस्टरला येऊ नका, इथे जागा नाही. लोक तरीही आले. बेलग्रेव्ह रोडवर आज दिवाळीचे दिवे लागतात ते त्यांच्यामुळे.

त्या पिढीच्या मुलांबद्दल ‘दोन संस्कृतींमध्ये अडकलेली’ असं म्हणायची पद्धत इथल्या अभ्यासकांत आणि वर्तमानपत्रांत सत्तरच्या दशकात पडली. शाळेत एक जग, घरी दुसरं, आणि मधे बिचारं पोर लोंबकळतंय. आपल्याकडच्या आईवडिलांनीही ते उचललं. अमेरिकेत त्याचं ‘कन्फ्यूज्ड देसी’ झालं, इथे मुलंच एकमेकांना ‘कोकोनट’ म्हणून टोचू लागली: वरून तपकिरी, आतून पांढरा. रॉजर बॅलर्ड नावाचे मानववंशशास्त्रज्ञ इथल्या पंजाबी घरांमध्ये वर्षानुवर्षं काम करत होते. त्यांनी १९९४ च्या सुमारास याला उत्तर दिलं. दोन भाषा येणारा माणूस जसा समोरच्याला बघून भाषा बदलतो, तशी ही मुलं वागण्याची रीत बदलतात. त्यात अडकणं नाही, कौशल्य आहे. मला हे पुस्तकातून कळण्याआधी एका मुलानं दाखवलं होतं.

हा मुलगा गुजराती, वडिलांचं कोपऱ्यावरचं दुकान. पहिल्या सत्रात त्यानं एक नाटुकलं लिहून आणलं. त्यात जुळवलेलं लग्न, रडणारी आई, घर सोडून जाणारा मुलगा. मी विचारलं, ‘हे तुझ्या घरात घडलंय?’ तो म्हणाला, ‘नाही, पण एशियन नाटकात हेच असतं ना?’ मी त्याला सांगितलं, दुकानातला बिलाचा एक रोल घेऊन ये आणि शनिवारी दिवसभर काउंटरमागे बसून जे कानावर पडेल ते त्यावर लिही. पुढच्या गुरुवारी तो हातभर लांब सुरळी घेऊन आला. दाराची घंटा, मशीनचा ‘बीप’, फ्रीजची घरघर, सगळं टिपलेलं. आणि मधे त्याचे वडील. गिऱ्हाईक आलं की वडील अस्सल लेस्टरी, ‘एय अप, मी डक’, म्हणजे ‘काय मित्रा, कसं काय’. फोन वाजला की काठियावाडी गुजराती. बँकेचा माणूस आला की तिसराच आवाज, हळू, जपून, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेला. मुलगा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, ‘मिस, माझे बाबा दिवसात चार वेळा बदलतात. मग कन्फ्यूज्ड मी कसा?’

ताई, त्या दिवसापासून मी हा प्रश्न फक्त मुलांचा मानत नाही. तुम्ही ऑफिसात ज्या आवाजात मीटिंग घेता, जीपीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, रिसेप्शनवर ज्या आवाजात बोलता आणि माहेरी फोन लावल्यावर जो आवाज लागतो, ते तिन्ही आवाज तुमच्या मुलीनं ऐकलेत. ती ते तुमच्याचकडून शिकली. फरक एवढाच की तुम्हाला एक ‘मूळ’ आवाज आठवतो, आणि तुम्ही थकलात की तिथे परत जाता. तिला तसा एकच एक मूळ आवाज नाही. म्हणून तिला तो घडवावा लागतो. हे घडवणं म्हणजेच तिचं स्केचबुक, तिचा रॅप, तो ब्लेझर.

आणि इथे तिला अडवायला दोन बाजूंनी माणसं उभी असतात. त्यातली एक बाजू आपली आहे.

पहिली बाजू शाळेची, थिएटरची, अनुदान देणाऱ्यांची. आर्टच्या वर्गात ‘आयडेंटिटी’ हा विषय येतोच येतो. मग प्रेमळ शिक्षिका गोऱ्या मुलीला विचारते, तुला काय आवडतं? आणि आपल्या मुलीला विचारते, तुझ्या संस्कृतीबद्दल काही करशील का? त्यातून मेंदीचे हात, मसाल्यांच्या वाट्या, हत्ती आणि मोर तयार होतात. दर वर्षी तीच चित्रं. मुलींना बरे मार्क मिळतात, पण चित्रात त्या स्वतः कुठे नसतात. लिव्हरपूलच्या सिंग ट्विन्स या जुळ्या बहिणी आज आधुनिक लघुचित्रांसाठी जगभर ओळखल्या जातात. त्यांच्या बाबतीत उलटं झालं होतं. विद्यापीठात असताना त्यांना भारतीय लघुचित्रशैली जुनाट म्हणून सोडायला आणि युरोपीय आधुनिक चित्रकारांकडून शिकायला सांगितलं गेलं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. कधी ‘तुझं ते सोड’, कधी ‘फक्त तुझं तेच दाखव’. दोन्हीकडे ठरवणारा दुसराच. मला स्वतःला एकदा एका संस्थेनं पैसे नाकारले, कारण माझ्या गटानं लिहिलेलं नाटक रात्रीच्या शेवटच्या बसची वाट बघणाऱ्या चार मुलांबद्दल होतं. मुलाखतीत प्रश्न आला, ‘पण यात एशियन काय आहे?’ चारही मुलं एशियन होती, लिहिणारी सहाही एशियन होती. त्यांना त्या बसस्टॉपवर समोसा हवा होता.

दुसरी बाजू मंडळाच्या हॉलमधली. गणपतीत मुलीनं लावणी करावी, नाट्यगीत पाठ म्हणावं, शुद्ध उच्चारात चार ओळींचं निवेदन करावं आणि आपण व्हिडिओ काढून सोलापूरला पाठवावा. यात वाईट काही नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, आणि परक्या गावात मराठी कानावर पडावं यासाठी किती जणांनी आयुष्य घातलं हे मी जवळून पाहिलंय. पण ‘या रावजी, बसा भावजी’वर ठेका धरणाऱ्या १२ वर्षांच्या मुलीला त्या ओळींचा अर्थ आपण सांगत नाही, लावणी कुणी नाचली, कोणत्या जातींतल्या बायकांनी, कशा परिस्थितीत, हेही सांगत नाही. नुसता नाच तिच्याकडून करून घेतो. शाळेला तिच्याकडून संस्कृतीचा नमुना हवा असतो आणि आपल्याला संस्कृतीचा दाखला. मधे मुलीला जे स्वतःचं म्हणायचं आहे त्याला जागाच उरत नाही.

या देशातल्या एशियन मुलांनी जे खरोखर नवीन केलं ते या दोन्ही मागण्या बाजूला सारून केलं. त्यातलं थोडं सांगते, कारण आपल्या मराठी घरांत हा इतिहास माहीत नसतो. आपण बहुतेक जण २००० नंतर आयटीच्या किंवा हॉस्पिटलच्या नोकऱ्यांवर आलो, आणि तोवर बरंच घडून गेलं होतं.

४ जून १९७६ ला लंडनच्या साउथॉलमध्ये गुरदीप सिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाचा वंशद्वेषातून भर रस्त्यात भोसकून खून झाला. मोठी माणसं निवेदनं देत राहिली, तरुण पोरं रस्त्यावर उतरली आणि साउथॉल यूथ मूव्हमेंट उभी राहिली. केनियातून १९६८ मध्ये आलेले जतिंदर वर्मा तेव्हा तरुण होते. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९७७ मध्ये तारा आर्ट्स ही नाट्यसंस्था सुरू केली. पहिलं नाटक घेतलं ते टागोरांचं. खुनाच्या बातमीवर नाटक करता आलं असतं, पण त्यांनी देवापुढच्या बळीच्या प्रथेला विरोध करणारी जुनी बंगाली कथा इंग्लंडच्या रंगमंचावर आणली. पुढे १९९० मध्ये वर्मांनी नॅशनल थिएटरमध्ये फ्रेंच नाटककार मोलिएर बसवला तो भारतीय अंगानं. त्यांच्या नटांच्या इंग्रजीला त्यांनी नाव दिलं ‘बिंग्लिश’. म्हणजे इंग्रजी, पण आपल्या कानानं ऐकलेली, आपल्या जिभेनं वळवलेली. माझ्या वर्गात मी हे नाव सांगते तेव्हा मुलं हसतात आणि लगेच ताठ बसतात. जिला आजवर ‘घरचं चुकीचं इंग्रजी’ म्हटलं जायचं, तिला कुणीतरी नाटकाची भाषा म्हटलं होतं.

ऐंशीच्या दशकातल्या ‘डेटाइमर’ पार्ट्यांबद्दल तर प्रत्येक आईवडिलांनी ऐकावं. मुलामुलींना रात्री बाहेर जायची परवानगी नव्हती, आणि क्लबवाले शनिवार-रविवारची रात्र एशियन बँडला द्यायला नाखूश असायचे. मग भांगड्याचे कार्यक्रम दुपारी व्हायला लागले. मुली शाळेच्या गणवेशात घरून निघायच्या, बाथरूममध्ये कपडे बदलायच्या, लंडनच्या हॅमरस्मिथ पॅलेसारख्या हॉलमध्ये अलाप, हीरा अशा बँडांवर नाचायच्या आणि शाळा सुटायच्या वेळेला परत गणवेशात घरी. चोरून केलं, हो. पण पंजाबच्या शेतातला ढोल सिंथेसायझरला भेटला तो त्या दुपारच्या हॉलमध्ये. नाचणाऱ्यांना शेतही माहीत नव्हतं आणि रात्रीचा क्लबही. २०२० मध्ये इथल्या तरुण डीजेंनी आपल्या गटाला पुन्हा ‘डेटाइमर्स’ हेच नाव दिलं. आईच्या पिढीनं लपूनछपून केलेल्या गोष्टीचं नाव मुलांनी उघडपणे मिरवलं, मला फार आवडलं ते.

मग १९९३ मध्ये लंडनमध्ये फॅरिंग्डनला संगीताच्या एका सामुदायिक वर्गात शिकवणारे आणि शिकणारे मिळून एशियन डब फाउंडेशन हा बँड उभा राहिला. त्यांचा रॅपर त्याच वर्गातला शाळकरी वयाचा विद्यार्थी. १९९५ मध्ये हॉक्स्टनच्या ब्लू नोट क्लबात सोमवारी रात्री ‘अनोखा’ हा संगीताचा कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे तलविन सिंग. लेटनस्टोनमध्ये वाढलेला हा मुलगा किशोरवयात पंजाबात जाऊन तबला शिकून आला होता. १९९९ मध्ये त्याच्या अल्बमला मर्क्युरी हे ब्रिटनमधलं संगीताचं मोठं पारितोषिक मिळालं. त्यानंतर तबल्याचा तुकडा ड्रम मशीनवर चिकटवणारे शेकडो आले, बहुतेक आज कुणाला आठवत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की काही निर्माण होत नाही. तलविनच्या बोटांत तबला होता. ‘फ्यूजन’ हा शब्द मी वर्गात वापरू देत नाही.

नर्तक अक्रम खान यांचं उदाहरण मला यासाठी सगळ्यात जवळचं वाटतं. विम्बल्डनमध्ये बांगलादेशी घरात जन्मलेला मुलगा, सातव्या वर्षापासून प्रताप पवारांकडे कथक. पुढे आधुनिक नृत्य शिकायला आमच्याच लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात आला. तिथे त्याच्या शरीराचा गोंधळ उडाला. कथकनं शिकवलेलं शरीर एक सांगायचं, नवे शिक्षक दुसरं. हा गोंधळ त्यांनी कधी लपवला नाही, मुलाखतींमधून अनेकदा बोलून दाखवलाय. त्यातूनच त्यांची स्वतःची चाल तयार झाली. २०११ च्या ‘देश’ या एकपात्री नृत्यात ते स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावर एक चेहरा रंगवतात आणि मान खाली घालतात. समोर बसलेल्याला मुलगा दिसेनासा होतो आणि दिसतो बाप, स्वयंपाकी, बुटका, थकलेला. मान वर केली की पुन्हा मुलगा. मी ते पाहिलं तेव्हा शेजारी माझ्या वर्गातला एक बांगलादेशी मुलगा बसला होता, त्याचे वडीलही रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात. तो प्रयोग संपल्यावर बराच वेळ उठला नाही.

बापाचा चेहरा स्वतःच्याच डोक्यावर, आजीचं लुगडं ब्लेझरच्या आत. ताई, मी या दोघांची तुलना करत नाही, तुमची मुलगी १६ वर्षांची आहे. पण हात एकाच दिशेला गेलाय.

कलाकार चिला कुमारी बर्मन यांचं नावही तिला सांगा. त्या लिव्हरपूलजवळच्या बूटलच्या. वडील पंजाबातून आलेले, आइस्क्रीमची गाडी चालवायचे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, लॉकडाउन चालू असताना, ऐन दिवाळीत त्यांनी लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयाच्या भारदस्त इमारतीचा दर्शनी भाग निऑन दिव्यांनी झाकून टाकला. त्यात वडिलांची आइस्क्रीमची गाडी होती, देवीदेवता होत्या आणि झाशीची राणीही होती. आपली मनू, तांब्यांची लेक, टेम्सच्या काठी निऑनमध्ये उजळलेली. हे करणारी बाई मराठी नाही. मराठी मुलांना मात्र राणी लक्ष्मीबाई फॅन्सी ड्रेसपलीकडे माहीत नसते.

म्हणून आईबापांना मी एकच गोष्ट मागते: मुलांकडून दाखला मागू नका, त्यांना माल द्या. कच्चा माल, खराखुरा, जसा असेल तसा.

माल म्हणजे काय ते एका मुलीवरून सांगते. आई इथल्या हॉस्पिटलात नर्स, मूळ साताऱ्याकडची. मुलगी रॅप लिहायची, चांगला लिहायची, पण सगळा अमेरिकन वळणाचा. मी तिला जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. त्यातल्या पुष्कळ ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. पहिल्यांदा तिला शब्द कळेनात. दुसऱ्यांदा तिनं बोटांनी टेबलावर जात्याचा फेरा धरला. तिसऱ्यांदा विचारलं, ‘ही बाई कुणावर चिडलीय?’ मी म्हटलं, सासरवर, नशिबावर, बापानं इतक्या लांब दिलं म्हणून बापावर. पहाटे दळताना घरातले पुरुष झोपलेले, तेवढा वेळ तिचा. मुलगी म्हणाली, ‘म्हणजे तोंडावर बोलता येत नाही ते बीटवर बोलते. आम्हीपण तेच करतो.’ त्या रात्री तिनं आईला विचारलं, आणि आईनं तिच्या आजीच्या चार ओव्या म्हणून दाखवल्या. सोळा वर्षांत कधी म्हटल्या नव्हत्या, कारण ‘हिला काय कळणार’. पुढच्या महिन्यात मुलीनं जी रचना म्हटली ती इंग्रजीत होती, रात्रपाळीहून येणाऱ्या आईवर, पहाटेच्या बसवर. फक्त दर कडव्याला एक ओळ फिरून यायची, ‘सांगते बाई तुला’. तेवढी मराठी. पण ती मराठी सजावटीला लावलेली नव्हती, सगळी रचना तिच्यावर उभी होती.

भाषेबद्दलही तेच. इंग्रजीत उत्तर देते म्हणजे मराठी मेली असं नाही. तुमचा प्रश्न तिला कळतो, त्याशिवाय उत्तर कसं देईल? ‘मराठीत बोल’ असं म्हणून वाक्य अडवलंत की मुलगी वाक्यच गिळते. उर्दू, पंजाबी, गुजराती, बंगालीला इथे जीसीएसई आहे, मराठीला नाही, तेव्हा परीक्षेचा रेटाही मिळणार नाही. तुम्ही मराठीत बोलत राहा, आणि शिकवायच्या आवाजात नको. तुमच्या नणंदेशी झालेलं भांडण मराठीत सांगा. आजोबांचं कर्ज, मावशीचं मोडलेलं लग्न, तुम्हाला इथे पहिल्या हिवाळ्यात आलेलं रडू. मुलांना आपण सण सांगतो आणि घरातल्या खऱ्या गोष्टी लपवतो. मग त्यांना वाटतं संस्कृती म्हणजे सणवार, आणि माणसं कुठेतरी दुसरीकडे राहतात.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगायला हवी. घरानं माल दिला नाही तर फोन देतो. २०२२ च्या उन्हाळ्याच्या शेवटी लेस्टरमध्ये हिंदू आणि मुसलमान तरुणांत जे पेटलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. माझ्या गुरुवारच्या गटात दोन्हीकडची मुलं. त्या आठवड्यात १४ पैकी पाच आली. जी आली ती खुर्च्या लांब ओढून बसली. सहा महिने एकाच नाटकात भाऊ-बहीण झालेली मुलं एकमेकांना फोनवर आलेले व्हिडिओ दाखवून जाब विचारत होती. त्यांच्या तोंडातले शब्द त्यांचे नव्हते, कुठल्याशा गटावर आयते आलेले होते. मी नाटक बाजूला ठेवलं आणि प्रत्येकाला आपल्या घराच्या दारातून कोण कोण आत येतं याची यादी करायला लावली. शेजारीण, गॅसवाला, शिकवणीची बाई. याद्या वाचल्यावर दोन मुलांच्या यादीत एकच केशकर्तनवाला निघाला. सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. तीन मुलं परत आलीच नाहीत. पण तेव्हापासून मला याची फार धास्ती आहे. स्वतःची ओळख हातानं घडवायची सवय नसेल, तर कुणीतरी तयार ओळख हातात देतं, आणि तिच्याबरोबर शत्रूही देतं. तुमची मुलगी गोंधळलेली असेल तर असू द्या. गोंधळातून ती प्रश्न विचारतेय.

आता करिअरचं. इथे मी गोड बोलणार नाही. कलेच्या क्षेत्रात पहिली पाच-सात वर्षं पैसा कमी आणि अनिश्चित असतो, ओळखीपाळखी लागतात, आणि आपल्या घरांकडे त्या नसतात. पण आत्ता ठरवायचं आहे ते फक्त ए-लेव्हलचं, म्हणजे सोळा ते अठरा वयात शिकायच्या विषयांचं. तीन विषयांत एक आर्ट घेतल्यानं बाकीचे दरवाजे बंद होत नाहीत. आर्टच करायचं पक्कं झालं तर अठराव्या वर्षी एक वर्षाचा फाउंडेशन डिप्लोमा करता येतो, त्यात तिचं तिलाच कळतं की ही हौस आहे की काम. तोवर तिला शाळेबाहेर नेऊन सोडा. लंडनचं राउंडहाउस तरुणांसाठी स्टुडिओ चालवतं, तिथे रॅप आणि कविता करणारी मुलं भेटतील. वॉटफर्डची रिफ्को, लंडनच्या तमाशा आणि काली या नाट्यसंस्था आपल्याकडच्या वंशाच्या लेखक-कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम करताहेत. काली तर मुद्दाम बायकांच्या लेखनासाठी १९९१ मध्ये सुरू झाली. ‘तमाशा’ हे नाव तुमच्या यजमानांना सांगाल तेव्हा आधी हसतील, मग विचारतील. त्यांनाही सोबत न्या. तिथे पोटापाण्याला लागलेली, कर भरणारी, चाळिशीतली एशियन माणसं या क्षेत्रात काम करताना दिसली की वडिलांचं अर्धं दडपण उतरतं. माझा हा अनुभव आहे.

राहिला ब्लेझर. तिनं लुगड्याचा कुठला भाग वापरला आणि कुठला ठेवला, हे तिला विचारा. ‘का कापलंस’ नको, ‘कसं ठरवलंस’ असं विचारा. इरकलीचा लाल पदर, पांढऱ्या रेघांचा, तो आत लावलाय की वेगळा काढून ठेवलाय? काठ बाहीत घेतलाय की पाठीवर? जीसीएसईत वस्तूइतकेच स्केचबुकालाही मार्क असतात, तिथे हा सगळा विचार कागदावर यावा लागतो, तेव्हा ती सांगेल. मग तो ब्लेझर उलटा करा आणि एकदा तुम्ही स्वतः अंगात घाला. बाह्या तोकड्या होतील, तरी घाला.

आणि मग स्केचबुकातल्या त्या पानाशी बसा. प्रश्नचिन्हाच्या पुढे जागा मोकळी आहे असं तुम्हीच लिहिलंय. लुगडं कुठल्या बाजारातून आलं, कुणी घेतलं, आजी ते कधी नेसायची, नेसून काय काम करायची, शाळा कितवीत सुटली, कुणावर जीव होता, कशाला घाबरायची. तुम्हाला आठवेल ते मराठीत सांगा. ती कुठल्या भाषेत लिहून घेते ते तिच्यावर सोडा.